बूड नसलेला डबा

हसू नका बायांनो, पण परवा मी बूड नसलेल्या डब्यात पाणी भरत बसली होती.

माझी नात मीनल तिकडे जर्मनीत शिकते. मातीत पाणी कसं अन् किती लवकर उतरते, त्याचं गणित मांडते कॉम्प्युटरवर. फोनवर म्हणाली, "आजी, मले आपल्या काळ्या मातीचा आकडा पायजे. एका डब्याचं बूड काप, संत्र्याखाली रोव, पाणी टाक अन् मले दाखवत राय."

तेलाचा डबा रोवला, फोन झाडाले टेकवून ठेवला. शेजारची शांता कुंपणावरून म्हणते, "काहून वं, डब्याले पाणी पाजून राहिली?"

म्हटलं, "शिक्षण चालू आहे माझं."

पाणी जिरलं. "झालं वं मीनल."

"पुन्हा टाक."

पुन्हा जिरलं.

"आणखी टाक, आजी."

माती पिऊन पिऊन अशी धाली, की पाणी जागचं हलेना. तरी पोट्टी फोन ठेवेना. शेवटी मी चिडली. "माझी कंबर गेली वं! किती पाणी लागते तुझ्या गणिताले?"

 मंग ती हळूच म्हणाली, "गणित कवाच झालं, आजी. इथं खोलीत कोणाचाच आवाज नाही येत. शांताआजी बोलली, तुझ्या बांगड्या वाजल्या, बरं वाटलं. थोडं बसू दे ना."

 डबा उपसला, कोरड्या जागी रोवला, अन् बादली भरून आणली.