बिब्ब्याचा टिक्का

(ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक. चार वर्षांची नीलम आजीच्या, रुक्माबाईच्या मांडीवर पेंगतेय; शेजारी बाप सौरव, समोर भूल देणाऱ्या डॉ. उपासना.)

डॉ. उपासना : थांबा, झगा वर करा बघू. कमरेखाली हा फोड कसला?

सौरव : काल न्हवता की डॉक्टर! आई, काल अंघोळ तूच घातलीस न्हवं?

रुक्माबाई : घामोळं असंल रं.

डॉ. उपासना : घामोळं नाही, आजी. काल मी सांगितलं ना, आधी हिला भूल देऊन झोपवणार, मग माकडहाडापाशी एक सुई. म्हणजे छाती उघडली तरी नंतर दुखणं कमी, श्वासाची नळीही लवकर निघते. नेमक्या त्याच जागी फोड!

सौरव : मग नुसती भूल द्या.

डॉ. उपासना : सुईचं सोडा हो. अंगात इन्फेक्शन असलं तर काळजाचं भोक आज बुजवता येणार नाही. घरी न्यावं लागेल.

सौरव : घरी? चार घास खाल्ली तर धाप लागतीया तिला! खोकल्यापायी दोनदा गावाकडं, कंग्राळीला परत गेलतो आम्ही. आई, तूच सांग की डॉक्टरांस्नी!

रुक्माबाई : वरडू नको, पोर जागी हुईल... बाई, बिब्बा हाय त्यो. काल सांजच्याला मीच तापवून टिक्का दिला.

सौरव : आई! नेमका तिथंच?

रुक्माबाई : जागा बाईंनीच बोटानं दावलती की! हिच्या आईला सीझरला तशीच सुई दिलती, अजून कंबर धरून उठती. म्हटलं, तिथं नजर नको लागाय. मला काय बी बोल रं, पर पोरीला माघारी न्हेऊ नको.

डॉ. उपासना : थांबा, ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांना विचारते. हॅलो सर, नीलमच्या माकडहाडापाशी बिब्ब्यानं भाजलंय. लहान फोड आहे. ताप नाही, रक्ताचे रिपोर्टही चांगले... हो, तिथं सुई नको. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना देते... बरं, आणते.

सौरव : व्हय म्हणाले?

डॉ. उपासना : म्हणाले. पण आजी, खरं सांगा, छातीवर लावलाय का?

रुक्माबाई : लावाया गेलतो. हात ठेवला तर काळीज असं थडथडत हुतं... लई भ्यालो बघा. ऱ्हाऊ दिलं.

डॉ. उपासना : बरं केलंत. द्या तिला माझ्याकडं.

रुक्माबाई : घ्या. आन् ह्यो उरलेला बिब्बा बी घ्या, बाई. माझ्याजवळ ऱ्हायला तर हात शिवशिवंल.