उदाहरणातला नंबर

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या बसमध्ये श्याम आणि दामिनी माझ्या पुढच्याच सीटवर भांडत होते. कॉम्प्युटरवर ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं, सगळ्यांना फुकट आणि खुलं असलेलं सॉफ्टवेअर त्यानं बनवलं होतं. ते नवख्यांनी कसं बसवायचं, हे मराठीत तिनं लिहिलं होतं. अख्ख्या बसला एवढं ऐकू आलं.

"प्रोग्राम कोनं लिहिला? मी. अन् लोकायचे फोन कोनाले? तुले."

"मंग मी काय करू?"

"सकाळपासून तुया फोन वाजूनच राहिला. मले कुत्रं इचारत नाही."

"तुयं लिहिलेलं वाचून मानूस घाबरते. मी सोपं लिहिलं."

"सोपं म्हने. 'मंग चहा घ्या अन् वायर लावा', हे काय लिहिनं झालं?"

"अरे बाबा, कौतुकाचे फोन नाहीत ते. पहिला फोन लावून पाहा म्हनून उदाहरणात मी माया नंबर टाकला. लोकं जसाच्या तसा तोच लावते. घंटी वाजली की 'झालं चालू' म्हनते अन् ठेवून देते."

बडनेरा आलं तेव्हा श्यामनं स्वतःचा फोन काढून पाहिला.

"मंग काढून टाक तो."

"आजच काढते. त्याच्या जागी कोनता टाकू?"

"माया टाक."