फोनपुढं घेतलेलं नाव

मी वेणूबाई. माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं, दिली इकडे शिंदखेडा तालुक्यात, आणि आली तशी कापूस वेचते, दुसरं काय सांगू तुमले. अहिराणीत बोलले तर तुम्हाला निम्मं समजणार नाही, म्हणून जमेल तशी तुमची भाषा बोलते भाऊ, मधी मधी आमचं येईल ते सांभाळून घ्या.

माले एकच पोरगा, बापू. बापू हे काही त्याचं खरं नाव नाही. त्याच्या जन्माच्या आधी सासरे वारले, तर सासू म्हणे आमचं माणूस परत आलं, आणि पोराले त्याच्या आजाचंच नाव ठेवलं. ठेवलं खरं, पण घेणार कोण? ती नवऱ्याचं नाव घेणार नाही, मी सासऱ्याचं घेणार नाही. म्हणून बठ्ठं, म्हणजे सगळं घर त्याले बापूच म्हणे, बापही बापूच म्हणे. तुम्ही नाव विचाराल तर मी आत्ताही सांगणार नाही, सुनेले विचारा, ती घेते.

बापू वरणगावले नोकरीला शे. आमच्याकडे आधी बटणाचा फोन होता, दोनचं बटण दाबून धरलं की बापू बोलायचा, अंधारातही चुकायचं नाही. तो फोन गेला. मग बापूनं हा काचेचा आणला. हा डोकऱ्याले जमायचा, डोकरा म्हणजे आमचं माणूस. माले नाही जमला. बोंडं वेचून वेचून बोटं अशी झालीत, पाहा, काचेले माझं बोट लागलेलं कळतच नाही. त्यात काही भलतंच दाबलं गेलं तर काय होईल ही धास्ती, मी त्याले पदरानं धरायची. बापू म्हणे माय, घाबरू नको, बाजूचं बटण दाबून धर, टुण वाजलं की नुसतं नाव बोल, तो आपोआप लावी. मी हो म्हटलं. कोणतं नाव हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते, आम्ही दोघं शेतातल्या झोपडीतच राहायचो. दोंडाईच्याचा बाजार म्हणून आजूबाजूच्या शेतात चिटपाखरू नाही. भरदुपारी डोकरा गाठोडं बांधत होता तो तसाच कापसावर कलला. मी म्हटलं चक्कर आली असेल, पाणी पाजायले गेले तर पाणी एका बाजूनं गळे, तोंड वाकडं, डोळे माझ्याकडे, आणि बोलायले जाय तर नुसता घशातून आवाज. खुंटीवरचा फोन काढला, काच दाबते, पुसते, परत दाबते, काही नाही. मग बटण धरलं, टुण वाजलं, म्हटलं बापूले लाव. आतली बाई म्हणे, या नावाचं कोणी नाही. अहो, माझा एकुलता एक पोरगा, आणि ती म्हणते कोणी नाही. मी ओरडले, बापू, बापू, बाई तुझ्या पाया पडते, बापूले लाव. ती तेच म्हणे. तेव्हा डोक्यात आलं, पोरानं त्याचं खरं नाव टाकलं असेल, ऑफिसात चालतं ते.

फोन डोकऱ्याच्या तोंडाजवळ नेला, म्हटलं तुम्ही घ्या, तुमच्या बापाचं नाव शे, तुम्हाला काय पाप. त्याच्या तोंडून लाळ आली, नाव नाही आलं.

काय सांगू तुमले, एवढी भीती मी बाळंतपणातही पाहिली नाही. एकीकडे माणूस जाय, दुसरीकडे ते नाव. मी डोक्यावर पदर ओढला, त्याच्याकडे पाठ केली आणि हळूच घेतलं. आतली बाई म्हणे, ऐकू आलं नाही, परत बोला. मग उघड्या शेतात, ओरडून घेतलं. लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा.

बापू बोलला, माय काय झालं. त्यानं तिकडून दोंडाईच्याच्या मित्राले गाडी घेऊन पाठवलं, धुळ्याले नेलं. डॉक्टर म्हणे वेळेवर आणलं. उजवा हात तेवढा गेला.

बापू लई रडला. आता त्यानं फोनवर स्वतःचा फोटो लावलाय, खिडकीएवढा, खाली बापू लिहिलंय, आणि सून बोट ओलं करून दाबायले शिकवते. गल्लीतल्या बायाही आपापले फोन तिच्याकडे आणतात, कोणाच्या जेठाचं, म्हणजे मोठ्या दिराचं नाव, कोणाच्या सासऱ्याचं. ती आधी विचारते, तुम्ही त्यासले काय म्हणता? माले कोणी असं विचारलंच नव्हतं.

पण भीती गेली नाही भाऊ. डोकरा दुपारी झोपला की मी नाकापुढं हात धरून पाहते. त्या दिवशी त्यानं सगळं ऐकलं होतं. माले वाटे, बोलता आलं की रागे भरेल. बोलता आलं तर म्हणतो कसा, माझ्या आबाचं नाव परत घे ना एकदा, या घरात कितीक वर्षं कोणी घेतलंच नाही.

माझ्यानं होत नाही. ते तोंडात आलं की तीच दुपार समोर येते, वाटतं घेतलं आणि हा परत कलला तर. तुम्हाला सुनेनं ते नाव सांगितलंच असेल. जाताना त्याच्या खाटेजवळ थांबा आणि मोठ्यानं घ्या. मी तेवढ्यात चुलीकडे जाते.