सुट्टीत पकडलेलं बोलणं

पेज कशाला आणलीस गो मनाली — बस, बस आधी — सुशीलला ताप-बिप काय नाय, तो बघ मागं पडवीत पेपर वाचतोय चांगला. आळीभर झालं वाटतं? हळू बोल. मीच त्याला म्हटलं, कंपनीत फोन कर, ताप आलाय म्हणून सांग. हसू नकोस! गणपतीच्या सुट्टीनंतर आज तो रसायनाचा रिॲक्टर परत चालू करतायत ना — त्या रिॲक्टरवर मी माझ्या नवऱ्याला पाठवणार नाय म्हणजे नाय.

का काय, का! कुणाला बोलायची नायस, माझी शपथ हाय तुला. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते, तुला माहीतच हाय — तर गौरीपूजनाच्या दिवशी घरूनच लॅपटॉप उघडला, सहज. कंपनी बंद, आत चिटपाखरू नाय, ऑफिसातली सगळी मशीनं गप्प. आणि दोन कॉम्प्युटर आपसात बोलतायत! एक लॅबमधला, दुसरा कंट्रोल रूममधला. थोडंसंच हां — हा काहीतरी धाडतो, तो उत्तर देतो, की परत गप्प. कित्येक महिने चाललं असेल, पण रोजच्या गडबडीत कुणाला कळतंय? प्रिंटरला कागद पाठवल्याचं सोंग घेतलंय मेल्यांनी. अगो, ते आपणहून कशाला बोलतील? बाहेरचा कुणीतरी आत शिरलाय. लॅबच्या कॉम्प्युटरला हुकूम सोडतो, तो कंट्रोल रूमवाल्याला पोचवतो. आणि आत उकळणारं रसायन किती तापवायचं, कधी थंड करायचं, ते सगळं त्या कंट्रोल रूमवाल्याच्या हातात. पडद्यावर दिसणार सगळं ठीक, आणि आत — जाऊ दे, सणासुदीचं तोंडातून नको निघायला.

सांगितलं की! त्याच दिवशी अंबरीश सरांना फोन केला, मॅनेजर आमचे. पेणला घरी गणपतीत होते. "प्रतिक्षा, अपडेट-बिपडेट असेल, ऑर्डर तुंबलीय, पुढच्या आठवड्यात बघू." वर म्हणतात, बाहेर बोललीस तर दोघंही घरी बसाल. भीती वाटली गो, खोटं कशाला सांगू. मग मी माझं माणूस घरी ठेवलं, झालं. तू काय वेगळं केलं असतंस?

अशी काय बघतेस? — काय? — बदली म्हणून? कोण, पुंडलिकभावजी? अगो तुझ्या नवऱ्याची तर सेकंड शिफ्ट — सुशीलच्या जागी? सकाळीच गेले? अरे देवा. मी कुठं विचार केला गो, त्याच्या जागी कुणीतरी जाईलच म्हणून... फोन लाव त्यांना. लाव ना! — हां, मोबाईल गेटवरच काढून घेतात. थांब, कंट्रोल रूमचा नंबर हाय माझ्याकडे, मी सांगते, बंद करा म्हणते, खड्ड्यात गेली ती नोकरी. सुशील! अरे गाडी काढ, लवकर! — वाजतोय... कुणी उचलत नाय. उचला रे. उचला. — मनाली, अगो धावतेस कुठं, गाडी काढतोय तो — चप्पल तरी घाल — मनाली —