पूर्णपणे असहमत

...नाही, मला एक सांगा, दाराची बेल वाजवून कुणाला नुसतं विचारलं, की बाबा रे, तुमच्या रस्त्यावरून गाड्या हळू जाव्यात असं तुम्हाला वाटतं का, तर यात अंगावर धावून येण्यासारखं काय आहे? काय आहे, सांगा ना! मी काय त्यांच्या दिवाणखान्यात गतिरोधक बसवायला आले होते? पण नाही! आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ड्रायव्हिंग स्कूलवाले आहेत, त्यांनी तर मला पायरीवरूनच परत पाठवायला घेतलं. "तीसचा वेग? अहो, ही जुलूमशाही आहे!" मी म्हटलं, काका, तुमच्या स्कूलच्या गाड्या तर पंधराच्या पुढे जातच नाहीत, मागे अख्खा रस्ता हॉर्न वाजवत असतो. तर म्हणतात, "ते वेगळं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे! तुम्ही कोण आम्हाला हळू जायला लावणाऱ्या?" अहो, मी कुठे लावतेय? मी फक्त विचारते!

तर तुम्हाला सांगते, मी एका संशोधन संस्थेत काम करते. शहरातली वाहतूक, अपघात आणि त्याबद्दल लोकांना काय वाटतं, याचा अभ्यास. ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात काय, तर दारोदार हिंडायचं, प्रश्न वाचायचा आणि खूण करायची... पूर्णपणे सहमत, थोडेफार सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. आणि लोक कसे असतात सांगू? अपघात कमी व्हावेत का? पूर्णपणे सहमत! गाड्यांचा वेग कमी व्हावा का? सहमत, सहमत, बाकीचे फार जोरात चालवतात हो! मग तुमच्या दारातला रस्ता अरुंद करून, कडेला झाडांच्या कुंड्या ठेवून, मध्ये रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी आडवा उंच पट्टा बांधला तर? खलास! चहा विचारणारा माणूस दार लावून घेतो!

तरी परक्या गल्लीत हे सगळं सोसलं असतं. पण आमच्या साहेबांनी या कुंड्या-पट्ट्यांच्या काही महिन्यांच्या प्रयोगासाठी नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं आमच्या बाल्कनीवर. "उत्तम रस्ता आहे," म्हणाले, "भरपूर अपघात आहेत!" म्हणजे बघा, कौतुक कशाचं! मी म्हटलं, सर, तिथे मी राहते, माझे सासरे राहतात. तर साहेब म्हणतात, "मग तर सोपंच झालं." सोपं! या माणसाने माझे सासरे पाहिलेले नाहीत.

आमच्या बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, एक गाडी आहे. गाडी म्हणजे, चाकं आहेत म्हणून गाडी म्हणायचं. ती दारासमोर, खाकी कव्हर घालून उभी असते. रविवारी तिचं कव्हर निघतं, आंघोळ होते, पुसणं होतं, आरसे लखलखतात, आणि कव्हर परत चढतं. चालवतात कधी? चालवली तर मळेल ना! आणि आमच्या योजनेत पहिली कुंडी येत होती कुठे? बरोब्बर तिच्या जागी!

घरचं मत घ्यायला मी घरचीच बेल वाजवली. नियम म्हणजे नियम. बाबा आरामखुर्चीत बसले, गुडघे जुळवून, जबानी द्यायला बसल्यासारखे.

"गेल्या काही वर्षांत तुमच्या घरातल्या कुणाला रस्त्यावर इजा झाली आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

आतून आवाज आला, "आणि माझा हात काय कपाटाच्या दारात सापडला होता?"

सासूबाई! तुम्हाला सांगते, हे मात्र हसण्यासारखं नाही. दोन वर्षांपूर्वी आई समोरच्या बाजूला निघाल्या होत्या, त्यांची मैत्रीण राहते समोर, शाळेपासूनची. अर्ध्यात पोहोचल्या आणि एक मोटारसायकल त्यांना घासून गेली. पडल्या, मनगट मोडलं. मोटारसायकलवाल्याने मागे वळून म्हणे 'सॉरी आजी' म्हटलं... जाता जाता! हात जुळला, पण आईंनी रस्ता ओलांडणं सोडलं ते सोडलंच. मैत्रिणीचे गुडघे गेलेले, तिला पळून रस्ता पार करता येत नाही. मग या दोघी काय करतात? ही या गॅलरीत, ती त्या गॅलरीत, दोघींच्या कानाला फोन. एकमेकींकडे बघत, हातवारे करत फोनवर बोलतात! मध्ये बस आली की "थांब गं, तू दिसेनाशी झालीस!"

"ते हिचं लक्ष नव्हतं म्हणून झालं," बाबा म्हणाले. "रस्त्याचा काय संबंध? पुढचा प्रश्न."

पुढच्या सगळ्या प्रश्नांना पूर्णपणे असहमत. शेवटी वय विचारलं, तर त्यालाही असहमत म्हणाले.

आणि तेवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले! त्यांनी 'रस्ता बचाव समिती' काढली. सभा कुठे? आमच्या हॉलमध्ये. चहा कुणी करायचा? मी! माझ्याच निषेधाच्या सभेला मीच विचारत फिरतेय, साखर किती, बिनसाखरेचा कुणाचा! औषधाच्या दुकानवाले म्हणाले, "गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येणार कसं?" मी म्हटलं, भाऊ, तुमच्याकडे येणारी निम्मी माणसं तर लंगडत, चालतच येतात. बाबा ओरडले, "समितीच्या कामकाजात बाहेरच्यांनी बोलू नये!" बाहेरची! ट्रे हातात घेऊन उभी असलेली मी बाहेरची! नवऱ्याकडे बघितलं, तर तो पठ्ठ्या भिंतीवरचं घड्याळ पुसतोय. मी म्हटलं, अरे बोल की काहीतरी. हळूच म्हणतो, "मी 'सांगता येत नाही'मध्ये आहे."

आणि वर मला ऐकवतात, "तुमच्या संस्थेने आमचा रस्ता विकायला काढलाय!" अहो, मी फक्त विचारते! ठरवणारे वेगळे, बांधणारे वेगळे, मी फक्त विचारते!

शेवटी एका सकाळी कामगार आले. गाडी हलवा म्हणाले. बाबांनी कव्हर काढलं, आत बसले, किल्ली फिरवली... गाडीने नुसता घसा खाकरला. परत फिरवली, परत खाकरला. मग काय, रस्ता बचाव समितीचे तमाम सभासद, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांसकट, गाडी ढकलत मागच्या गल्लीत घेऊन गेले. बाबा आत बसून स्टिअरिंग फिरवतायत, चेहरा असा की जणू संस्थान खालसा झालंय. मी गॅलरीत उभी होते. हसले नाही हो, शपथ! आत जाऊन हसले.

कुंड्या आल्या, कोपऱ्यांवरचे फुटपाथ पुढे आले, मधोमध उंच पट्टा आला, तीसची पाटी आली. आठवडाभर नुसता गोंधळ. रिक्षावाले शिव्या घालतायत, टेंपो अडकतोय, आणि बाबा रोज संध्याकाळी कुंडीपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत, "बघा, बघा लोकांच्या पैशाचं काय केलंय! आमच्या घरातच फितुरी आहे!"

आणि मग एका दुपारी काय झालं... मी जेवायला घरी आले होते. बाबा गॅलरीत उभे, नवीन तक्रार शोधत. एकदम म्हणाले, "अगं, ही कुठे चालली?"

बघते तर खाली आई. चपला घालून, पदर खोचून, त्या पट्ट्याच्या काठाशी उभ्या. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं, मोडलं होतं ते.  आणि तेवढ्यात वळणावरून एक मोटारसायकल आली...

 बाबा जिन्याकडे पळाले, हा माणूस गुडघेदुखीचं कारण सांगून भाजी आणत नाही, तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत पळाला! मी मागे. खाली पोहोचतो तर... मोटारसायकल थांबलेली. पट्ट्यावर चढायचं म्हणून वेग आधीच मोडला होता तिचा. पोरगा पाय टेकून उभा आणि म्हणतोय, "जा आजी, सावकाश जा." आणि आई सावकाश गेल्या. इतक्या सावकाश, की मागे टेंपो, टेंपोमागे रिक्षा, सगळी रांग उभी! आणि आमचे बाबा, एका पायात माझी चप्पल, एका पायात स्वतःची, रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे. "थांबा! कुणी हलायचं नाही! माझी बायको जातेय!"

मैत्रीण दारात आली होती. दोन वर्षं दोघी तासन्‌तास बोलत होत्या, आणि समोरासमोर आल्या तर एकमेकींचे हात चाचपायला लागल्या.  शेवटी मैत्रीण म्हणाली, "लांबून बारीक दिसायचीस गं." आणि मग दोघी जे रडायला लागल्या, जे हसायला लागल्या... बाबा तिथेच उभे. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, आता जाऊ का?" तर चष्मा पुसत म्हणाले, "जा. पण हळू जा."

त्या संध्याकाळी बाबा कुंडीपाशी तक्रार करायला गेलेच नाहीत. नवऱ्याने मला विचारलं, डॉक्टरांना बोलवायचं का?

दुसऱ्या दिवसापासून मात्र बाबा कुंडीच्या काठावरच. कुणी जोरात आला की, "ए! तीस! तीस लिहिलंय! वाचता येतं का?" ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना म्हणतात, "तुमची पोरं पट्ट्यावर नीट थांबत नाहीत, काय शिकवता काय?" ते मलाच येऊन विचारतात, "ताई, यांना आवरा की!" मी काय आवरणार?

प्रयोगाची मुदत संपली, कामगार कुंड्या उचलायला आले. बाबा कुंडीत जाऊन बसले! काठावर नाही, आत, मातीत, झाडाशेजारी! "उचलायची तर माझ्यासकट उचला!" समितीचे तेच सभासद, तेच ओरडायला, फक्त घोषणा उलटी. मुकादम मला म्हणतो, "बाई, तुम्ही संस्थेच्या ना? यांना काय पाहिजे विचारा." मी फक्त विचारते ना... विचारलं! तर कुंडीतून ओरडतात, "हिला काही विचारू नका, ही सरकारची माणूस आहे!"

कुंड्या राहिल्या. कायमच्या. आणि गेल्या आठवड्यात दुसरी फेरी, लोकांचं मत बदललं का ते बघायला. मी परत घरची बेल वाजवली. बाबा परत आरामखुर्चीत, गुडघे जुळवून.

"योजना येण्याआधी तिच्याबद्दल तुमचं मत काय होतं?"

"पूर्णपणे सहमत."

मी म्हटलं, "बाबा, अहो..."

"पहिल्यापासून सहमत. विरोध आमच्या घरातूनच होता."

"कुणाचा?"

"सुनेचा! दारोदार हिंडून लोकांना विचारत होती, हवंय का, हवंय का. ज्याला मनापासून हवं असतं, तो असा विचारत बसतो का? लिही."

साक्षीला सासूबाईंना हाक मारली, तर त्या घरात नव्हत्याच. हल्ली असतात कुठे घरात! नवऱ्याकडे बघितलं, तो घड्याळ पुसत होता. आणि आमच्या संस्थेचा नियम असा, की उत्तर देणाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं उतरवायचं, आपलं मत त्यात घालायचं नाही...

मग काय करता. लिहिलं!