यादीतलं चौथं ठिकाण

नाही, नाही — नकाशा नंतर, आधी डावीकडची यादी बघ. नवीन आलेला प्रत्येक माणूस नकाशावरच भाळतो, लाल-पिवळं दिसतं ना छान. पण अगं, आपलं काम यादीचं. भूकंप झाला की ही कंप्युटरवरची साइट आपली आपण अंदाज काढते — कुठल्या गल्लीत घरं कसली, किती जुनी, आत माणसं किती, म्हणजे पडझड किती, जखमी किती — आणि पाच मिनिटांत यादी समोर, सगळ्यात वाईट ते वर. बचावाच्या गाड्या आपल्याकडे किती? तीन. साहेबांनी चौथी मागितली होती, वरून उत्तर आलं, बघू. तर पहिल्या तीन ठिकाणी गाड्या सुटतात आणि चौथ्यानं थांबायचं. तू त्यांना फोनवर सांगत राहायचं — येतोय, येतोय. झालं काम. ही खुर्ची मात्र बदलून घे, माझ्या पाठीचं वाटोळं केलंय हिनं.

आणि घरांची माहिती भरतं कोण? आपणच की. सर्वेक्षणाचे कागद येतात, आपण चढवतो, साहेब डोळे मिटून मंजूर करतात — हसू नकोस, खरंच मिटून. म्हणून सांगते, नीट भर. इथे आधी एक बाई होती — माझ्या ओळखीतलीच समज — कामाला वाघ. तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळली. भावजय दिवसभर कामावर. जिना असा अरुंद की धडधाकट माणूस तिरका होऊन उतरतो. आता ही इथे बसून दिवसभर काय बघणार? यादी. महिन्याच्या महिन्याला खोट्या भूकंपाचा सराव व्हायचा, त्यात तिची गल्ली चाळिसावी. सिमेंटची घरं ना, भक्कम. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले, तिनं त्या घरांपुढचं 'सिमेंट' काढून 'कच्च्या विटा' केलं. वर्षं वाढवली. आपला तो बाब्या गं, दुसरं काय. जीव टांगणीला लागलेला असला की माणूस काय करेल — तू नसतं केलंस? असो.

पाच महिन्यांनी झालाच भूकंप. सकाळी अकरा, सव्वाअकरा. यादी आली, गल्ली पहिली. नऊ मिनिटांत गाडी दारात, आणि दारात काय, तर काहीच नाही, एक काच तडकलेली नाही. आई त्या जवानांना म्हणते कशी, बूट बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीय — तशी तिची जीभ पहिल्यापासूनच, लहानपणी आम्हाला सुद्धा —

तिची आई. हो, त्या बाईची.

जाऊ दे. तुला मघाशीच कळलंय, तोंडावर दिसतंय तुझ्या.

चौथं काय होतं, हेच ना? गिरणीतल्या मुलींचं वसतिगृह. मी हात लावला नसता तर तिसरं. गाडी एकदा गल्लीत शिरली की घर न् घर तपासल्याशिवाय हलत नाही, तसा नियमच आहे. मी साहेबांना एक वाक्य सांगायला हवं होतं — तिथे काही नाही, गाडी वळवा. ते म्हणाले असते, तुला कसं ठाऊक? एवढ्याचीच भीती वाटली मला. दोन तास दहा मिनिटं वसतिगृहाच्या बाई फोनवर होत्या. आतून हाका येतायत म्हणाल्या, मी म्हटलं येतोय. मग म्हणाल्या, आता दोघींच्याच येतायत. मी म्हटलं येतोय. सात जणी गेल्या. चौकशीत ठरलं की अंदाज तो अंदाज, चुकायचाच, आणि मीही मान डोलावली.

आई मागच्या वर्षी गेली, झोपेतच. त्या ओळी तशाच आहेत. दुरुस्ती केली की जुनं, नवं आणि कुणी बदललं ते साहेबांपुढे शेजारी-शेजारी उभं राहतं — आणि त्या गल्लीचं नाव दिसलं तर आता ते डोळे मिटायचे नाहीत. वसतिगृह पुन्हा बांधलंय, तसंच स्वस्तातलं, नव्या मुली आल्यात राहायला. सरावाच्या यादीत अजून चौथंच आहे. परवा मी रिटायर, मग खुर्ची तुझी. तू कर दुरुस्त. माझं नाव सांग खुशाल, काय व्हायचं ते होईल.

करशील ना?

तिकडे काय बघतेस? मघाशी मी पाणी प्यायला उठले, तेव्हा तू एक गल्ली शोधलीस. अजून दिसतेय बघ तिथे वर — यादीत सत्तेचाळिसावी. लाजतेस काय, सगळे आधी आपलंच घर शोधतात. कितव्या मजल्यावर? घरी कोण असतं दिवसा? ... मुलगी? किती महिन्यांची? आणि सांभाळतं कोण — सासरे? त्यांना तर दिसत नाही म्हणालीस.

हं.

मी डबा धुऊन येते. नाही, तू बस. माझ्याकडे बघू नकोस, तुझं काय ते आटप. आल्यावर मी काही विचारणार नाही.