रत्नम्माच्या दुकानातलं पिल्लू
हे करड्या पाठीचं घेऊन जा — न्हाई गं, चावत न्हाई! आख्ख्या मुरुडात रत्नम्माच्या दुकानातलं मांजर म्हनलं की लोक मागून नेतात. ह्याची आई ज्वारीच्या पोत्यावर नुसती बसली तरी उंदीर गल्ली सोडतो! मग कामून द्यायलीस म्हन्तीस? सुनंचा हट्ट, दुसरं काय.

सून माझी शिवकन्या, चाकूरची. पहिल्या खेपेला पोटुशी व्हती तवा बी असाच दुष्काळ — जिल्हा नवा झाला, सायब आले, पाट्या लागल्या, पानी तेवढं यायचं राहिलं! मग भांडी कशानं घासावी? परसातल्या मातीनं. कोरडीच पुसायची, हात बी मातीनंच, अन् त्याच हातानं भाकर. कुनी सांगितलं म्हन्जे? घरात जे थोरलं असतंय तेच सांगतंय की. झालं पोरगं — पंचाक्षरी, तो बघ, गुळाला हात घालायलाय, ए, ठेव खाली! — लई गोड लेकरू. पन उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई त्याला. सोलापूरचा डॉक्टर इचारतो, कच्चं मटन खाल्लं का सुनंनं? अशी भडकले मी! लिंगायत हाव आमी, गळ्यातलं लिंग दिसत न्हाई व्हय? मग बिचारा हळूच म्हनला, घरात मांजर हाय का? मांजर मातीत उकरून घान करतंय, त्यातला किडा हाताला लागून आईच्या पोटात, तिच्या रक्तातून लेकराच्या डोळ्यात. आईला नुसती कणकण येती म्हनं.

मला न्हाई पटत बाई. जलमभर मांजरं पाळली, मला काय झालं? तर म्हन्तो, तुमचं कवाच होऊन गेलं असंल. जिला पोटुशी असतानाच पहिल्यांदा लागतंय तिच्या लेकराला भ्या. आता शिवकन्येच्या माहेरी कुठं मांजर व्हतं? पुढच्या लेकराला काई व्हत न्हाई म्हनला, पन ती ऐकंल तर ना! डॉक्टर काय, काई बी सांगतेत.

आनिक काय देऊ? चिंच? किती — इत्की? अन् उभ्यानंच चोखायलीस...

थांब. कितवा म्हैना?

घरात मांजर व्हतं का कवा? माहेरी? कवाच न्हाई?

ठेव. ठेव म्हन्ते ना ते पिल्लू खाली! चिंच बी टाक ती. चल, हात धू — अगं माती कशाला उचलायलीस? टाक! पान्यानं धू. वत, आख्खा तांब्या वत, बघू नको माझ्याकडं. आनिक वत.

हां. जा आता घरी. उंदीर झाले तर होऊ दे. जा.